भजनाआधीची तालीम

आषाढातील आवणी उरकली, की शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील गावांना थोडी उसंत लाभते. खाचरांतील चिखलाने माखलेले पाय धुऊन माणसे देवळाच्या ओटीवर येऊन बसू लागतात. माहुलीचे सुळके आणि माळशेजचे कडे ढगांत बुडालेले असतात. अशाच एखाद्या श्रावणी सायंकाळी खुंटीला टांगलेला पखवाज खाली उतरतो, पेटीवरचे फडके झटकले जाते आणि भजनी मंडळाचे नवे वर्ष सुरू होते. पंचांगातील वर्ष चैत्रात सुरू होत असले, तरी आपल्या भागातील भजनाचे वर्ष श्रावणात उगवते, असे म्हणावयास हरकत नाही.

तेथून पुढे देवकार्याची रांगच लागते. गोकुळाष्टमी होते, तोच गौरी-गणपती दारात उभे राहतात. नवरात्र सरताच कार्तिकातील काकडा येतो. भातकापणी आटोपली, की माळशेज चढून जुन्नरमार्गे आळंदीची वाट धरावयाची, कारण कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींच्या समाधिसोहळ्याची यात्रा असते. शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली, घडलेल्या त्या प्रसंगाचे स्मरण आजही त्याच तिथीला होते. पौष पौर्णिमेला म्हशाच्या खांबलिंगेश्वराची यात्रा, त्याच महिन्याच्या वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा, आणि उन्हाळा लागला की गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह. या प्रत्येक ठिकाणी मंडळाला उभे राहून गावे लागते. सप्ताहात तर शेजारच्या गावांची मंडळे जागराला येतात, आणि कोणाचे भजन कसे झाले याची चर्चा पुढे महिनाभर बांधाबांधावर चालू राहते.

एवढे सगळे ज्याच्यावर अवलंबून आहे, ती तालीम मात्र बहुतेक गावांतून जवळजवळ नाहीशी होत चालली आहे. याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा येथून पहाटेची लोकल पकडून तरुण मुले कल्याण-ठाण्याकडे जातात. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून तिकडची मुले एस.टी.ने कल्याण गाठतात, किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आणि भिवंडीच्या गोदामांत पाळीने कामाला असतात. रात्री नऊला घरी आलेल्या माणसाने जेवून देवळात यावयाचे आणि दहापासून बारापर्यंत गावयाचे, हे एखाद्या दिवशी होते, रोज होत नाही. मग जागराच्या रात्रीच सगळे प्रथम एकत्र भेटतात. वडीलधारी मंडळी जुन्या चालीने म्हणतात, मुले भ्रमणध्वनीवर ऐकलेल्या चालीने म्हणतात, पखवाज मध्येच कोणाच्या तरी मागे जातो, आणि देवापुढे दोन भजने एकाच वेळी चाललेली असतात. वेळ थोडा उरला आहे म्हणूनच तो नीट वापरला पाहिजे. तालीम कशी घ्यावी याचा विचार आजवर फारसा झाला नाही, कारण पूर्वी वेळ विपुल होता आणि चाली नुसत्या ऐकूनही अंगी मुरत.

पहिली गोष्ट अशी, की भजन आणि तालीम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकादशीला देवळात भजन होते, त्यालाच पुष्कळ मंडळे तालीम समजतात. यात दोन्हींची हानी होते. भजन देवाला अर्पण करावयाचे असते. ते मध्येच थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. शब्द अडखळला, टाळ चुकला, तरी नाम पुढे चालत राहिले पाहिजे. तालमीत याच्या नेमके उलट. तेथे थांबणे हेच मुख्य काम. जेथे चूक झाली तेथे थांबावयाचे, ती ओळ चार वेळा, आठ वेळा घ्यावयाची, आणि ती बसल्याखेरीज पुढे जावयाचे नाही. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. शिक्षण हा त्याचा मूळ अर्थ. आपल्या लोकांनी तो मल्लांच्या आखाड्यालाही लावला आणि गवयाच्या बैठकीलाही, यात मोठे शहाणपण आहे. आखाड्यात कोणी रोज पूर्ण कुस्ती लढत नाही. एकच डाव पुन्हा पुन्हा घोटतात.

म्हणून एकादशीचे भजन जसेच्या तसे ठेवावे आणि तालमीसाठी आठवड्यातील एक वार वेगळा ठरवावा. वार कोणताही असो, तो बदलू नये. आज चार जण नाहीत म्हणून तालीम पुढे ढकलली, की पुढच्या वेळी सहा जण येत नाहीत. आलेल्या पाच जणांना घेऊन ठरल्या वेळी सुरुवात करणारे मंडळ वर्षभर टिकते. या बाबतीत ख्रिस्ती मंडळींच्या गायनवृंदांकडे पाहण्यासारखे आहे. रविवारच्या उपासनेची गाणी आठवड्यातील ठरलेल्या सायंकाळी बसवून घ्यावयाची, ही शिस्त त्यांच्याकडे जगभर पाळली जाते. आणि देवघेव उलट दिशेनेही झाली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले ते आपल्या वारकरी परंपरेच्याच ओढीने. त्यांनी आपला अभंग घेतला. आपण त्यांचा ठरलेला वार घ्यावयास काय हरकत आहे?

आता वाद्यांविषयी. पावसाळ्यात तालीम सुरू होते आणि पावसाळाच वाद्यांचा वैरी, असा हा पेच आहे. दमट हवेने पखवाजाचे चामडे सैल पडते, स्वर उतरतो. ज्या रात्री पाऊस कोसळत असतो त्या रात्री लावलेला पखवाज अर्ध्या तासात पुन्हा उतरलेला आढळतो. डाव्या तोंडाला कणीक लावून खर्ज साधावयाचा, उजव्या तोंडाचे गजरे हातोडीने ठोकून आणि गठ्ठे सरकवून षड्ज मिळवावयाचा, या कामाला सहज पंधरा मिनिटे लागतात. ती पंधरा मिनिटे मंडळाच्या वेळातून जाऊ नयेत. पखवाजवाले आणि पेटीवाले यांनी इतरांच्या आधी यावे, म्हणजे मंडळी आली की वाद्य लागलेले सापडेल. तालीम संपल्यावर कणीक खरवडून तोंड कोरडे करून ठेवणे हा कामाचाच भाग समजावा. कणीक वाळून चिकटलेला पखवाज पुढच्या गुरुवारी रुसून बसतो. पेटीच्या पट्ट्यांवरही दमटपणाने गंज चढतो. भिंतीला टेकवून ठेवलेली पेटी ओल धरते, म्हणून ती फळीवर, भिंतीपासून दूर, जाड कापडात गुंडाळून ठेवावी.

पेटीवरून आठवले. आज तिच्यावाचून भजनाची कल्पना करवत नाही, पण ती मूळची युरोपची, एकोणिसाव्या शतकातील. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केली होती, कारण आपल्या श्रुती तिच्या ठरावीक पट्ट्यांत मावत नाहीत असे तज्ज्ञांचे मत होते. देवळांनी मात्र तिला कधी बाहेर काढले नाही. असो.

स्वर कोणता धरावा हा प्रश्न भजनात सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. बुवांचा आवाज चढा असतो, म्हणून पेटी काळी चारवर उघडते. बुवा रंगतात, आणि मागे झील धरणारे वीस जण दुसऱ्या अभंगापासून ओरडू लागतात. सर्वसाधारण पुरुषाचा आवाज काळी एक ते काळी दोन या पट्टीत मोकळा राहतो, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या आसपास. शिवाय प्रत्येक पखवाज प्रत्येक पट्टीत लागत नाही. रुंद तोंडाच्या पखवाजाला चढा स्वर मानवत नाही. तेव्हा स्वर बुवांच्या सोयीने ठरवू नये. झील धरणाऱ्यांना वरचा षड्ज न ताणता लागतो की नाही हे पाहून ठरवावा, तालमीत एकदाच ठरवावा आणि वहीत अभंगाशेजारी लिहून ठेवावा. भजन रात्रभर चालावयाचे असेल तर अर्धी पट्टी खाली धरणे कधीही चांगले. पहाटेपर्यंत कंठ टिकला, तर भैरवीला रंग भरता येतो.

टाळांचेही असेच. तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी उभे असत, असे परंपरा सांगते. आज एखाद्या मंडळात चाळीस टाळ असतात, आणि चाळीस टाळांत शब्द बुडून जातो. टाळ कमी करा असे कोणी म्हणणार नाही, कारण टाळ हातात असणे ही प्रत्येकाची सेवा आहे. पण तालमीत तरी प्रथम टाळ खाली ठेवावेत. नवा अभंग आधी नुसत्या टाळीवर म्हणावा. आठ मात्रांचा भजनी ठेका हातावर मोजता येऊ लागला, की एका अनुभवी टाळकऱ्याने एकट्याने टाळ धरावा. बाकीच्यांनी ऐकावे. मग चौघांनी, आणि सरतेशेवटी सर्वांनी. या क्रमाने गेले तर टाळांचा नाद एकाच वेळी उठतो आणि एकाच वेळी दबतो. टाळ दाबून वाजविणे आणि मोकळा सोडणे यांतला फरक नव्या मुलांना येथेच शिकवता येतो. भजनाच्या गर्दीत तो कोणालाच दाखवता येत नाही.

लय वाढते, ही सर्वच मंडळांची तक्रार असते. ठाय लयीत सुरू झालेला अभंग तिसऱ्या चरणाला धावू लागतो आणि कोणालाच ते कळत नाही, कारण सगळे मिळूनच धावत असतात. यावर सोपा उपाय आहे. अभंग संपताच न थांबता पुन्हा पहिले धृपद म्हणावे आणि सुरुवातीच्या लयीशी ताडून पाहावे. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून ठेवले तर वादच उरत नाही. लय वाढविणे हा दोष नव्हे. गजराला ती वाढलीच पाहिजे. ती बुवांच्या इच्छेने वाढावी, आपोआप वाढू नये, एवढेच.

या सगळ्यापेक्षाही महत्त्वाचे काम सांध्यांचे आहे. भजन बिघडते ते अभंगाच्या मध्यावर क्वचितच. ते बिघडते धृपदावरून चरणावर जाताना, अभंगावरून गजरावर उतरताना, ठाय सोडून दुगुणीत शिरताना आणि शेवटची तिहाई घेऊन थांबताना. तरीही तालमीत बहुतेक मंडळे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करून शेवटपर्यंत जातात. जे आधीच येते ते दहा वेळा होते, आणि जे येत नाही तेथून दहा वेळा कसेबसे निभावून नेतात. दोन तासांच्या तालमीत एक नवा आणि एक जुना असे दोनच अभंग घ्यावेत. त्यांचे चार सांधे निवडावेत. बुवांनी हात वर केला की काय होणार, मान हलवली की काय होणार, हे संकेत ठरवावेत आणि तेवढाच तुकडा घोळवावा. अखेरीस मात्र दोन्ही अभंग न थांबता, देवापुढे म्हणावे तसे, एकदा संपूर्ण म्हणावेत. शेवटचे पाऊल चुकले असे वाटून कोणी घरी जाऊ नये.

आता शब्दांकडे वळू. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, शिवाय ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, जनाबाई, चोखोबा. एवढे भांडार दाराशी असता पुष्कळ मंडळे पंधरा-वीस अभंगांवरच वर्षे काढतात, आणि त्यांतही ऐकीव शब्द शिरलेले असतात. ध्वनिफितींच्या काळापासून ही खोड वाढली. गायकाने श्वासासाठी तोडलेला शब्द तसाच तोडून म्हटला जातो, आणि ‘ण’चा ‘न’ होऊन अर्थ निसटतो. नवा अभंग घेताना प्रथम तो गाथेत पाहावा, मोठ्याने गद्यासारखा वाचावा आणि अवघड शब्दाचा अर्थ कोणाकडून तरी विचारून घ्यावा. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, ती संतवचने समजून घेऊन सांगणारे लोक तयार व्हावेत म्हणूनच. तेथे शिकून आलेले कीर्तनकार आता गावोगाव आहेत. सप्ताहात ते आले म्हणजे मानधन आणि नारळ देऊन त्यांना वाटेस लावण्याआधी दुपारचा एक तास मंडळाने मागून घ्यावा. बहुतेक जण आनंदाने देतात.

आपल्याकडे वाचता येणारे बहुधा तरुण आणि चाल येणारे बहुधा वृद्ध. या विषम वाटणीचा उपयोग करून घेता येतो. मुलाने पद वाचावयाचे, आजोबांनी चाल द्यावयाची, अशी जोडी लावून दिली, की दोघेही एकमेकांचे विद्यार्थी होतात. किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई या बाजूच्या पाड्यापाड्यांतून ज्यांनी उभ्या आयुष्यात कागद हाती धरला नाही अशा वृद्धांच्या कंठात जुन्या चाली आहेत. ठाकर, कोळी, वारली, कातकरी घरांतील मुलांच्या अंगात ढोलाची लय जन्मापासून भिनलेली असते. त्यांच्या हाती पखवाज दिला तर शहरातून शिक्षक आणावा लागणार नाही. त्या जुन्या चाली वृद्धांबरोबर जाण्याआधी उतरवून घेणे हे या पिढीचे काम आहे, आणि ते तातडीचे आहे. स्वरलिपी न येणाऱ्यालाही ध्वनिमुद्रण करता येते. मात्र ते करताना पेटीवर स्वर धरून, अभंगाचे नाव आणि गाव मोठ्याने सांगून करावे. नाहीतर पाच वर्षांनी कोणाचा आवाज आणि कोणती चाल हे ओळखणारा कोणीच उरत नाही. चित्रपटगीतांच्या चालीवर अभंग बसविण्याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की गावात जुनी चाल जिवंत असताना उसनी चाल आणणे म्हणजे घरची गाय सोडून पिशवीचे दूध घेणे होय.

चूक कोणी आणि कशी दाखवावी, यावर मंडळे टिकतात आणि फुटतातही. हे लिहिताना हसू येईल, पण टाळ चुकला म्हणून दोन घरांचे बोलणे वर्षभर बंद झाल्याची उदाहरणे पंचक्रोशीत कोणालाही विचारा. नियम एकच असावा. तालमीत चूक बुवांनीच सांगावी, आणि ती माणसाची म्हणून नव्हे, जागेची म्हणून सांगावी. ‘तुझा टाळ चुकला’ यापेक्षा ‘दुसऱ्या चरणाचा टाळ पुन्हा घेऊ या’ हे सर्वांना झेपते. वडीलधाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक. पंचवीस वर्षे पखवाज वाजविणाऱ्या तात्यांना विशीतल्या मुलाने चारचौघांत लय सांगणे शोभत नाही. चहाच्या वेळी, बाजूला बसून, ‘तात्या, मागल्या एकादशीला तुम्ही पहिलं कडवं सावकाश धरलं होतं, आजही तसंच घेऊ या का?’ असे विचारले, तर ‘घेऊ या की, बाबा’ असेच उत्तर येते. सर्वांनी एकमेकांस माउली म्हणावयाचे, एकमेकांच्या पाया पडावयाचे, ही वारकऱ्यांची रीत नुसती शिष्टाचाराची नाही. ज्याच्या पायांवर आताच डोके ठेवले त्याच्यावर ओरडता येत नाही.

महिलांची भजनी मंडळे आता बहुतेक गावांत उभी राहिली आहेत, आणि स्पष्टच सांगावयाचे तर तालमीच्या बाबतीत त्यांनी पुरुषांना मागे टाकले आहे. दुपारी दोन ते चार हा त्यांचा ठरलेला वेळ कामाच्या दिवसांखेरीज सहसा चुकत नाही. त्यांची अडचण वेगळी. पेटी आणि पखवाज वाजविणारे बहुधा पुरुष, ते दुपारी कामावर, म्हणून तालीम वाद्यांवाचून होते आणि कार्यक्रमाच्या दिवशी वाद्ये परकी वाटतात. दोघी-तिघींनी वाद्य शिकणे हाच यावरचा खरा उपाय. ते होईपर्यंत पंधरवड्यातून एक रविवार वाद्यांसह तालमीसाठी राखून ठेवावा. वाचकांपैकी ज्यांच्या घरी पेटी पडून असेल त्यांनी ती मंडळाला वापरण्यास द्यावी. न वाजविलेली पेटी लवकर बिघडते.

पाळीने काम करणाऱ्यांसाठी घरचा अभ्यास आणि देवळातील तालीम यांची वाटणी करावी. शब्द पाठ करणे, चाल ऐकून गुणगुणणे, हे लोकलच्या प्रवासात होण्यासारखे आहे. कसाऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या डब्यांतून भजने रंगतात ती उगाच नव्हे. देवळात आल्यावर मात्र वही उघडून शब्द शोधण्यात वेळ घालवू नये. तेथे केवळ एकत्र येऊनच साधणारे काम करावयाचे, म्हणजे स्वर, लय आणि सांधे. रात्रपाळी असलेल्याने आपण कोणत्या आठवड्यात येणार ते आधी कळवावे, आणि तो नसेल त्या आठवड्यात त्याचा टाळ दुसऱ्याने उचलावा. प्रत्येक जागेला दोन माणसे तयार असलेले मंडळ कोणाच्या आजारपणाने किंवा बदलीने अडत नाही. विणेकऱ्यांच्या बाबतीत हे सप्ताहाने आपल्याला शिकविलेलेच आहे. सात दिवस विणा खाली ठेवावयाची नसते, म्हणून पहारे लागतात, आणि प्रत्येक पहाऱ्याला पुढचा माणूस वेळेआधी येऊन उभा असतो. पखवाजाच्या आणि पेटीच्या बाबतीतही असेच पहारे ठरवावेत.

जागराच्या आठवड्यात नवे काही घेऊ नये. आदल्या तालमीत संपूर्ण क्रम, म्हणजे नमन, रूपाचे अभंग, मुख्य अभंग, गौळण, गजर आणि भैरवी, उभे राहून एकदा म्हणावा. बसून बसविलेले भजन उभ्याने म्हणताना श्वास वेगळा लागतो. त्या दिवशी थंड पाणी, तळलेले पदार्थ आणि मोठ्याने बोलणे टाळावे, आणि कंठ जागरासाठी राखावा. आपल्या मंडळाची पाळी पहाटे तीनची असेल, तर दोनलाच देवळात पोहोचावे. आधीच्या मंडळाच्या मागे उभे राहून त्यांचा टाळ धरावा. त्यांची पट्टी कानात बसते, घसा तापतो, पखवाज हवेला सरावतो. ते मंडळ शेवटच्या गजराला आले, की आपल्या पेटीवाल्याने हळूच त्यांच्या पेटीवाल्याजवळ जाऊन बसावे, म्हणजे एक नाम संपून दुसरे सुरू होताना मध्ये खंड पडत नाही.